उंदरांची पंगत

पंगतीत दुजाभाव केलेला सुशीलाबाईंना खपत नसे. निंबर्ग्याला माहेरी लग्नकार्य निघालं की तूप वाढायला त्यांनाच उभं करत; शेवटच्या पानावरही धार तेवढीच पडायची. नवरा गेल्यावर त्या बिदरच्या एका संशोधन संस्थेत उंदीरघर सांभाळायला लागल्या. खाऊपिऊ घालायचं काम काही सुटलं नाही.

तिथे जयंती ही तरुण संशोधक जंतांवरची लस उंदरांना तोंडावाटे देऊन बघत होती. एका रांगेतल्या पिंजऱ्यांना लस, दुसरीला नुसतं मिठाचं पाणी. मग रक्त तपासायचं: जंतांशी लढणारी प्रतिपिंडं लसवाल्यांच्याच अंगात तयार झाली का? त्यानंतर सगळ्यांनाच जंतांची लागण करायची. बोथट सुईने उंदराला न दुखवता पाजावं ते सुशीलाबाईंनीच, म्हणून जयंतीने दोन्ही बाटल्या त्यांच्या हवाली केल्या होत्या.

निकाल आला. प्रतिपिंडं दोन्ही रांगांत! जयंतीने पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. आपल्या हातालाच यश नाही, सगळी मेहनत पाण्यात गेली, आता हे सोडून कलबुर्गीला घरी जाते, असं म्हणत ती टेबलावर डोकं टेकून रडायला लागली.

सुशीलाबाई तोंड मिटून बसल्या तर नोकरी शाबूत होती. पण त्या पोरीचं रडणं त्यांना बघवेना.

“अक्का, तुमचा हात चुकला न्हाई. मीच दोन्ही बाटल्या एक केल्या अन् समद्यांना सारखं पाजलं. एका रांगंला औषद, दुसरीला कोरं पाणी... माझ्यानं वाढवंना.”

जयंती तडक बाहेर निघून गेली. बऱ्याच वेळाने परतली तेव्हा राग पुरता ओसरला नव्हता.

“सुशीलाबाई, पाणीवाल्यांना जंत झाले तरच लसीचा गुण कळणार. त्याशिवाय ती लेकरांना कुणी देईल का?”

“म्हंजे त्यास्नी जाणूनबुजून होऊ द्यायचं?”

“हो. पहिल्यापासून करायचंय. पाजाल?”

नवे उंदीर आले. सुशीलाबाईंनी मिठाच्या पाण्याची बाटली उचलली आणि लसीचा एक थेंबही न मिसळता अख्ख्या रांगेला पाजलं. शेवटचा उंदीर पिंजऱ्यात सोडताना त्यांचे डोळे भरून आले.

दुपारी जयंतीने डबा उघडून हाक मारली, “या, जेवायला बसू.”

“तुमी जेवा, अक्का,” त्या म्हणाल्या. “त्यांचं पान कोरं ठेवून आलेय. माझ्या घशाखाली कसा उतरंल घास?”