बिशपांची थोरली बहीण

भाऊ चर्चचा फादर आणि ताई त्याचं घर सांभाळणारी. राजधानीतून परतल्यापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना. विचारलं की म्हणे, “काही नाही गं.” डॉक्टरांनी भलतंच काहीतरी सांगितलंय, अशी ताईची खात्रीच पटली. ती मोरीत नळ सोडून रडून घ्यायची.

आज दुपारी तो स्वयंपाकघरात आला. “ताई, पोपनी मला बिशप नेमलंय. तीन नावं रोमला गेली होती, त्यांतलं माझं निवडलं. पोपच्या राजदूतांनी बोलावून विचारलं, मी हो म्हणालो. पण तिकडून जाहीर होईपर्यंत कुणालाही सांगायची बंदी होती.”

“म्हणजे आजार नाही?”

“कसला आजार?”

ताई मटकन खुर्चीत बसली. मग डोळे पुसून उठली, नव्या बिशपांचा कान चांगला पिळला आणि म्हणाली, “जेवायला बस.”