कालचं काही न आणणारा माणूस

सकाळी हातमोजे घालायच्या आधी काका आम्हाला दोन्ही तळवे दाखवायचे. "पाहा, रिकामे हात. कालचं काहीच आणलं नाही." आमचे डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, की निदान कालचे रिपोर्ट तरी आणत जा. काका खो खो हसले आणि रिपोर्ट घ्यायला गेले.

रामदासपेठेतल्या एका छोट्या लॅबमध्ये ते सगळ्यात जुने टेक्निशियन. ख्रिस्ती, रविवारची उपासना कधी न चुकवणारे आणि गाण्यात पार बेसूर. काही भाविकांची भक्ती कपाळावरच्या आठ्यांत दिसते, तुम्हीही पाहिले असतील. काकांचं तसं नव्हतं. पूर्वी होतं म्हणे. शुक्रवारचा कडक उपास, आणि एक प्रार्थना चुकली की आता काहीतरी वाईट होणार ही धास्ती. काकू विचारायच्या, तुमचा देव आहे का ठाणेदार? "आता मी त्याचा पोरगा आहो," काका मला सांगायचे, "बापाच्या घरी कोणी हजेरी लावत नाही."

मला हे सगळं नुसतं गोड बोलणं वाटायचं. मग माझ्या हातून ती चूक झाली.

आमच्याकडे पक्का नियम होता: रक्त काढलं की पेशंटसमोरच ट्यूबवर नाव लावायचं. त्या सोमवारी तोबा गर्दी. मी दोन सविताबाईंचं, एक सावनेरच्या आणि एक धंतोलीच्या, रक्त घेतलं, दोन्ही ट्यूब एका हातात धरल्या आणि नावं मागाहून लावली. संध्याकाळी आठवलं, की सारखी तहान लागते अशी तक्रार सावनेरच्या बाईंची होती, आणि साखर मात्र धंतोलीच्या बाईंची वाढलेली निघाली. रिपोर्ट केव्हाच गेले होते.

मी गप्प बसले. नोकरी नवी, घरात कमावती मी एकटीच. दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला आणि काहून जेवत नाही म्हणून विचारलं. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. वाटलं, एवढा दयाळू माणूस, चूक स्वतःवर घेईल. कुठलं काय!

"मीबी एक रिपोर्ट दडपला होता," ते म्हणाले. "त्या माणसाचा पाय गेला. मी वर्षानुवर्षं उपास करून राहिलो, पण त्याच्या घरी गेलो नाही. येशूनं मले माफ केलं हे खरंच पटलं, तेव्हा कुठं जायची हिंमत आली. तू ऊठ वं पोरी. त्या बाईले औषध पाह्यजे."

मी ख्रिस्ती नाही. पण उठले. डॉक्टरांना मीच सांगितलं, काका दाराशी उभे होते. ऐकायचं ते ऐकून घेतलं. धंतोलीच्या बाईंनी फोनवर माझा उद्धार केला. सावनेरचा फोन लागेना, म्हणून आम्ही दोघं एसटीनं निघालो. त्या सविताबाईही आधी चिडल्या, मग हात पुढे करून म्हणाल्या, "घे. यावेळी नाव माह्यासमोर लिहिजो." उपचार वेळेत सुरू झाले. नोकरीही राहिली, फक्त महिनाभर मला सुईला हात लावू दिला नाही.

परतताना मी विचारलं, तुम्ही गेलात तेव्हा तो माणूस काय म्हणाला?

"काही नाही. दार लावून घेतलं. तरी दर ख्रिसमसले केक घेऊन जातो. उंबऱ्यावर ठेवतो, येतो."

म्हणजे अजून फेडताच ना, मी म्हटलं.

"फेडायचं होतं तोवर जाऊच शकलो नाही वं. आता नुसती भेट."

आणि खिडकीला डोकं टेकून ते चक्क घोरायला लागले. मीही किती दिवसांनी शांत बसले होते. त्या दुपारचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. डिसेंबरात मी काकूंकडून पत्ता आणि केक घेतला आणि त्या घरी गेले. उंबऱ्यावर डबा ठेवत होते, तेवढ्यात दार उघडलं. कुबडी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे रस्त्यावर दूरवर पाहिलं.

"ते नाही आले?"