आप्पांच्या गाडीचा नवा पंप

किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून टिकटिक ऐकू येते. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या गाडीला मी इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवलाय, त्याचा हा आवाज. मला तो आवडतो.

जुना पंप इंजिनाला चिकटून होता. घाटात इंजिन तापलं की तोही तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग आप्पा बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे. तो गार होईपर्यंत आम्ही कठड्यावर बसून शेंगा खायचो. आठवण गोड आहे; पण मागे गाड्या हॉर्न बडवत असताना ती पुन्हा जगायची मला हौस नाही.

रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. शेजारच्या गाडीचे मालक माझ्या बॉनेटमध्ये डोकावले आणि जुन्या पंपाची रिकामी जागा बघून हळहळले, "अरेरे ताई, वाट लावलीत हो! वडिलांची वस्तू जशीच्या तशी जपायची असते."

"काका, त्यांनी ती फिरायला घेतली होती."

रोजच्या वापरातल्या पितळी भांड्याला कल्हई करावीच लागते. बिनकल्हईचं चालतं ते फक्त शोकेसमध्ये. माझी गाडी शोकेसमध्ये जाणार नाही. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

आप्पांचं फडकं अजून डिकीत असतं. ते काढून मी काचेवरची घाटातली धूळ पुसू लागले. काकांची गाडी ट्रकवर चढवून आणली होती. तिच्यावर पुसायला धूळच नव्हती.