तामू मावशीचं वॉरंट

सफ्रू शहरातल्या आमच्या गल्लीची पावाची भट्टी तामू मावशी चालवायची. नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, हे पुरुषाचं काम आहे. "मग एखादा पुरुष मिळेपर्यंत मी करते," असं म्हणून तिनं पाव काढायचा दांडा हातात घेतला, तो कधी सोडलाच नाही. गल्लीतल्या घराघरांतली कणीक तिच्याकडेच भाजायला यायची.

भट्टीला लागून बूश्ताचं घर. धुरावरून त्याची कायम कुरकुर. एके दिवशी त्याचा हात मोडला. तो म्हणाला, तामूनं त्याच दांड्यानं मारलं. ती म्हणाली, मी हातही लावला नाही. माझं धुराडं बुजवायला छपरावर चढला आणि पडला. गल्लीत दोन तट पडले. दुसऱ्याच दिवशी डोंगरातल्या गावाहून बहिणीच्या आजारपणाचा निरोप आला आणि मावशी तिकडे गेली. सगळा हिवाळा तिथंच गेला. इकडे कोर्टाची बोलावणी बंद दारावर येऊन परत जात होती. "बघा, पळाली!" असं बूश्ता सांगत फिरला.

बहिणीला माती देऊन मावशी माझ्या टॅक्सीनं परतली. वेशीवरच तिचा भाऊ कद्दूर आडवा आला.

"उतरू नकोस, ताई! तुझ्या नावानं अटकेचं वॉरंट निघालंय. आल्या वाटेनं परत जा."

"आणि भट्टी कोण पेटवणार? तू? तुला चहा उकळता येत नाही."

"थट्टा नको गं! बूश्ता म्हणतो, चार माणसांत माफी माग, तक्रार मागे घेतो."

"मारलं असतं तर मागितली असती." मग ती माझ्याकडे वळली. "गाडी पोलीस ठाण्याकडे घे रे इद्दर. जाताना हमामवर थांब. आत जायचं तर अंघोळ करून जाऊ."

वाटेत मी म्हणालो, "मावशी, बूश्ताच्या बायकोनं सगळं पाहिलंय. इज्जाचं नाव सांग."

ती चिडली. "तिला त्याच घरात राहायचंय ना? माझ्या सुटकेसाठी तिचा संसार मोडू? माझ्या तोंडून तिचं नाव निघणार नाही. तूही काढू नकोस."

ठाण्यात तिनं स्वतःच आपलं नाव सांगितलं. हवालदार गोंधळला, वॉरंट निघालेलं माणूस आपल्या पायांनी येतं, याची त्याला सवय नव्हती. रात्रभर तिला कोठडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी बहिणीच्या मृत्यूचा दाखला पाहिला, वॉरंट रद्द केलं आणि सुनावणीची तारीख दिली. सोडवायला गेलो तेव्हा मावशीचे डोळे सुजलेले होते. "भीती वाटली?" मी विचारलं. "वाटली की. दाराचा आवाज फार वाईट असतो," ती म्हणाली.

सुनावणीला बूश्तानंच बायकोला साक्षीला उभं केलं. ती आपलीच बाजू घेणार, याची त्याला खात्री होती. मावशी मान खाली घालून बसली होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

"पडला तो," इज्जा म्हणाली. "शिडी मीच धरली होती."

बूश्ता उठून ओरडायला लागला. न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं. मावशी निर्दोष सुटली.

बाहेर कद्दूर आनंदानं नाचत होता. मावशीचं मात्र त्याच्याकडे लक्षच नव्हतं. इज्जा पायरीवर एकटीच उभी होती, मावशी तिच्याकडे गेली. "हे काय करून बसलीस गं, पोरी? आता जाशील कुठं?"

"माहीत नाही, मावशी."

"मला माहीत आहे. चल."

इज्जा तेव्हापासून मावशीकडेच राहते. बूश्ता दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा मावशीनं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "ती आत आहे. तिला विचार, मला नको." दोन्ही वेळा इज्जा "नाही" म्हणाली.

परवा मी पाव आणायला गेलो, तर भट्टीपुढे इज्जा उभी होती आणि मावशी बाजूला बसून तिला ओरडत होती, "अगं, जळतोय तो! इद्दरचाच आहे म्हणून काय झालं?"