स्वस्त आहे म्हणजे काहीतरी आहे

दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी जिपेत ते हमखास भेटायचे. नाव कधी विचारलं नाही; मनातल्या मनात मी त्यांना पीईवाले काका म्हणायचो. मांडीवर घडी घातलेली रिकामी पिशवी, हातात मोबाइल आणि मोबाइलवर वर्षानुवर्षं एकाच कंपनीच्या शेअरचा आलेख.

"कंपनीच्या रुपयाभर कमाईसाठी लोक किती रुपये मोजून राह्यले, तो पीई," ते शेजारच्याला समजावत. "पण आजचा एकटा आकडा पाहू नका. तिच्याच जुन्या वर्षांशी ताडून पाहा."

पीई चढलेला असला की म्हणत, "महाग आहे, थांबू." एकदा तो चांगलाच उतरला. मी म्हटलं, "काका, आता घ्या!"

त्यांनी डोळे बारीक केले. "इतका स्वस्त काहून? यंदाची कमाई फुगली असन. पुढच्या साली ती उतरली, मंग हाच भाव महाग."

बोलणं खरंच होतं. फक्त शेअर घ्यायचा तेवढा राहून जायचा. बाजारातही तेच, पिशवी घडीसकट घरी परत यायची.

परवा काकू सोबत होत्या. त्यांनी घासाघीस न करता टोपलीभर सीताफळं घेतली आणि परतीच्या जिपेत सगळ्यांना एकेक दिलं. लोहारा येईस्तोवर आमची खाऊन झाली. काका मात्र आपलं फळ फिरवून फिरवून, दाबून पाहत होते. शेवटी ते त्यांच्या हातातच फुटलं.

बोटांतून निघालेला गर पाहून काकू म्हणाल्या, "आता तरी खा न जी!"