देवक घरी आलं

नातवाचं लग्न चार दिवसांवर आलं आणि गुरुजींनी फोनवर सहज विचारलं, "आजी, तुमचं देवक कोणतं?" देवक म्हणजे कुळाची राखण करणारं. कुणाचं झाड असतं, कुणाचं मोरपीस. आधी ते बसवायचं, मगच लग्न. पण आमच्यात ते माझे थोरले दीर आणायचे, सुपात झाकून. आम्ही बायका चुलीपाशी, कधी विचारलंच नाही. आता दीर नाहीत, हेही नाहीत.

नातू म्हणाला, "आजी, मोबाईलवर आडनाव टाकलं तर तीन देवकं आली. कोणतं घेतेस?" गुरुजी म्हणाले, ठाऊक नसेल तर पाच झाडांच्या पानांचं पंचपल्लव चालेल. चालेल हो! पण इतकी वर्षं या कुळात काढली आणि मला त्याची खूणच ठाऊक नसावी? देवापुढे बसले नि म्हटलं, माझं डोकं थकलं, आता तूच दाखव.

दुसऱ्या दिवशी पंचवटीत भाजीला गेले. रस्त्याकडेच्या झाडाच्या फांद्या छाटून माणसं टेम्पोत भरत होती. एक फुलवाली म्हातारी टोपली टाकून धावली. "ए, पाय नको दिऊ! आमचं देवक हाय ते!" तिनं एक फांदी पदरानं पुसून कपाळाला लावली, आणि मला सासूबाईच दिसल्या. सरपणात याच रुंद पानांची काटकी निघाली की त्याही अशाच कपाळाला लावायच्या, चुलीत घालू द्यायच्या नाहीत. मी नवी नवरी, मनात म्हणायचे, बाई सरपणालासुद्धा चिकट!

"मावशी, झाड कोणतं हे?"

"कळंब. तू कुठली?"

सासरचं गाव, आडनाव सांगितलं. तिनं कमरेवर हात ठेवले. "मंग आपण भावकीच की! आन् सोताचं देवक मला इचारती?"

मी हसतेय की रडतेय, मलाच कळेना. फांदी उचलायला वाकले तर हात धरला तिनं. "पडलेली नाय न्यायची. झाडाला हळदकुंकू लाव, लग्नाचं आवतण दे, मंग माग."

तसंच केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी फांदी आणायला वाजतगाजत गेलो, फुलवालीही आली. सूप कुणी धरायचं म्हटल्यावर मी मागे सरले. विधवा बाई मी. नातू म्हणाला, "जिनं शोधलं तीच आणेल." फुलवालीनं मागून ढकललंच मला. "चाल गं!"

शोधलं मी कुठे? मी तर हात टेकले होते. देवानंच दाखवलं. पण बँडपुढे मान ताठ करून चालले हो, सगळी गल्ली बघत होती. आणि या वेळी सूप झाकलं नाही. धाकट्या नातीनं टाचा उंचावून विचारलं, "आजी, हे आपलं?"

म्हटलं, "आपलं. कळंब. मोठ्यानं म्हण."