भिंगरी कुठं बसवायची

आई गेली त्या वर्षी मी कॉम्प्युटर पाण्यानं थंड करायचा उद्योग आरंभला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय. विरारच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी एकटाच. घरी बसून बिल्डरांना न बांधलेल्या इमारतींची चित्रं करून द्यायचो, आणि मशीन तासन्‌तास तापत राहायचं. त्याला जोडला फिशटँकचा पंप, पाणी निववायला भंगारातल्या गाडीच्या हीटरची जाळी आणि हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी. पंप थांबला तर आतली चिप जळणार, म्हणून नळीत फ्लो इंडिकेटर हवा होता. म्हणजे पारदर्शक डबीत एक लाल भिंगरी. ती फिरतेय तोवर पाणी वाहतंय.

कुठं बसवायची यावर मी आठवडा घालवला. खरं तर पाणी गोल फिरून तिथंच येतं, नळीत कुठंही बसवा, भिंगरी सारखीच फिरणार. नजरेला पडली म्हणजे झालं. शेवटी खिडकीशी बसवली, खुर्चीतून दिसेल अशी.

खिडकीबाहेर बिल्डिंगचा सामाईक नळ होता. पाणी एक दिवसाआड, वेळेचा पत्ता नाही. समोरच्या खोलीतली मावशी मूळची अर्नाळ्याची, सुकी मासळी विकणारी. एका सकाळी ती ओरडली, "पानी आयलं!" चार बायका हंडे घेऊन धावल्या. नळ कोरडा ठाक. तिनं खिडकीतून माझी भिंगरी पाण्यात फिरताना पाहिली होती.

"मंग ह्ये पानी जातं कुठं?" तिनं मला दरडावलं.

"कुठंच नाही, मावशी. आतल्या आत फिरतं."

"प्यायचं नाय, धुवायचं नाय?" तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुज्यासारकंच हाय."

बायका हसल्या. मला ते चांगलंच झोंबलं. त्याच दिवशी भिंगरी काढून टेबलाखाली नेली.

मग खिडकीत कुणी डोकावेना. दहाएक दिवसांनी लक्षात आलं, दुधवाल्याखेरीज मी कुणाशी बोललोच नव्हतो. स्वतःच्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. एकटेपणा मला खाऊ लागला होता, हे तोवर कबूल करायची माझी तयारी नव्हती. भिंगरी पुन्हा खिडकीशी आणली, पण या वेळी आतल्या बाजूला पुठ्ठा लावून तोंड बाहेर केलं. आता ती मला दिसत नव्हती. पंप थांबला तर मला कळणार नव्हतं. शहाण्यानं कधी अशी बसवली नसती.

मावशी जाता-येता विचारू लागली, "चाललं काय रे पानी?"

"चाललंय."

एवढंच आमचं बोलणं. पण त्यासाठी मी अंघोळ करून, बरा शर्ट घालून बसायचो.

एका दुपारी मशीन कामाला लावून माझा डोळा लागला होता. खिडकीचे गज धडाधडा वाजले. बाहेर मावशी, डोक्यावर तशीच मासळीची टोपली. तिनं बोट दाखवलं, मी वाकून पाहिलं, डबीत भिंगरी थांबलेली. मी धडपडत उठून मशीन बंद केलं. पंपात कचरा अडकला होता.

"वाचलं," मी म्हणालो. "मशीन वाचलं, मावशी."

"मशिनीचं मरू दे," ती म्हणाली. "तू बरा हाय ना?"

आई गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं.